भरतीच्या कागदांतला ‘नाही’

पोलीस शिपाई भरतीची चाहूल लागली की रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात. उंची चालेल का, गोळाफेकीला किती गुण, अकादमी इथलीच लावावी की पुण्याची? याची उत्तरं जाहिरातीत छापलेली असतात. बारावी पास, उंची मुलांना किमान १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर, मैदानीला ५० गुण, लेखीला १००. एवढ्यासाठी समुपदेशक कशाला हवा? अकादमीची फी भरताना एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: मुलाच्या नावावर पोलीस ठाण्यात काही नोंद आहे का?

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो आणि त्यावरून चारित्र्य पडताळणी होते. कधी अटक झाली का, गुन्हा दाखल झाला का, खटला चालू आहे का, निकाल काय लागला, असं त्यात वेगवेगळं विचारतात. कोकणात ही नोंद लागायला मुलगा गुंड असावा लागत नाही. शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्या भिडतात आणि फिर्यादीत अख्ख्या वाडीची नावं पडतात. एप्रिल २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या विरोधात उतरलेल्या आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. निवडणुकीच्या तोंडावर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, होते ती वेगळीच. मग नमुना भरताना घरातलं एखादं वडीलधारं माणूस सांगतं, “केस मिटली ना? मग ‘नाही’ लिही.” मुलाची नोकरी बहुतेकदा इथे बुडते, आणि ती बुडवणारे घरचेच असतात.

अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याची चौकट घालून दिली. तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली असेल, तर नेमणूक करणारा अधिकारी ती सोडून देऊ शकतो. पण गंभीर बाब लपवली तर उमेदवारी किंवा नोकरी जाऊ शकते. यावर पालक म्हणतात, कोर्टाने लपवणाऱ्यालाही माफ केलंय की! केलंय. दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराने १९९९ च्या अर्जात मारामारीची केस लिहिली नाही. ती अर्जाआधीच तडजोडीने मिटली होती. साक्षांकन नमुन्यात त्याने ती लिहिली, तोवर उशीर झाला होता. तरुणपणाची चूक म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तो २०११ साली. बारा वर्षं कोर्टकचेरी करायची तयारी असेल, तर त्या निकालाचा आधार जरूर घ्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खरं लिहूनही नाकारलं तर? नाकारू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१३ च्या मेहर सिंग निकालानुसार, संशयाचा फायदा मिळून किंवा तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराला पोलीस दलात घ्यायचं की नाही, हे छाननी समिती ठरवू शकते. कारण पोलिसाच्या हाती अटकेचा अधिकार असतो, त्याची पूर्वपीठिका कारकुनापेक्षा कडक तपासली जाणार. पण फरक समजून घ्या. केस उघड केलीत तर तिचं स्वरूप, तुमचं वय, निकाल यांवर विचार करणं समितीला भाग आहे. लपवलीत तर मूळ भांडण बाजूला राहतं आणि खोटेपणाचा ठपका बसतो, तोही कधीकधी वर्दी अंगावर चढल्यावर. राहिला ओळखीने मिटवायचा विचार. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यात आहेत. साहेबांची ओळख तिथे पुसणीचं काम करत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा मवाळ आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार बालपणीच्या गुन्ह्यामुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलाचा निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून निवाडा झाला असेल, तर तो अपवाद. तिथेही काय लिहायचं ते वकिलाला विचारून लिहा, शेजाऱ्याला नव्हे.

तेव्हा पालकांनो, अकादमीचा पहिला हप्ता भरण्याआधी मुलाला समोर बसवा आणि न ओरडता विचारा. ओरडलात तर तो तुमच्यापासून लपवेल आणि मग नमुन्यातही. केस असेल तर फिर्यादीची आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढून घ्या, गुन्हा क्रमांक आणि कलमं जशीच्या तशी उतरवा, आणि त्या रकान्यात ‘होय’ लिहा.