न उच्चारलेले विधान

युक्तिवादात बोललेल्या विधानांइतकाच भार कधी कधी न बोललेले विधान वाहते. ज्याच्यावाचून निष्कर्ष उभाच राहू शकत नाही, अशा अनुक्त विधानास 'आवश्यक गृहीतक' म्हणतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली आलेल्या दुसऱ्या पेपरात आणि बँकांच्या भरती-परीक्षांत तार्किक विचारशक्ती तपासली जाते. तेथे या गृहीतकाशी गाठ पडते.

उदाहरण आपल्याच परिसरातले घेऊ. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. समजा, कोणी म्हणाले : 'सातबाऱ्यावर नाव असलेल्या सर्वांना जमिनीची योग्य किंमत मिळाली, म्हणून गावात कोणाचेही नुकसान भरून निघायचे राहिलेले नाही.'

'म्हणून'च्या अलीकडे आधारविधान, पलीकडे निष्कर्ष. आता पर्याय पाहा :

(अ) किंमत बाजारभावाच्या दुप्पट होती.
(ब) लोकांनी पैसे बँकेत ठेवले.
(क) सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कोणाचेही नुकसान भरून निघायचे राहिलेले नाही.

प्रत्येकाला नकार देऊन पाहावे. किंमत दुप्पट नसली तरी योग्य असू शकते. पैसे बँकेत न ठेवल्याने निष्कर्षाला धक्का लागत नाही. परंतु (क) नाकारताच, म्हणजे मिठागरावरचा मजूर किंवा भूमिहीन शेतमजूर यांचे नुकसान तसेच राहिले असे म्हणताच, निष्कर्ष कोसळतो. म्हणून (क) हेच आवश्यक गृहीतक. 'जमिनीच्या किमतीने गेलेला रोजगारही भरून येतो' हे आणखी एक. एका युक्तिवादात अशी अनेक असू शकतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक पथ्य पाळावे. गृहीतक खरे की खोटे, हा प्रश्न वेगळा. उत्तरपत्रिकेत आपले मत नव्हे, बोलणाऱ्याची गरज शोधायची असते.

परीक्षेबाहेर मात्र तो दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. केवळ रोख रकमेने सारे भागते, हे गृहीतक टिकले नाही, असाच याचा अर्थ होतो.

तेव्हा मित्रहो, नोटीस वाचताना वा भाषण ऐकताना 'म्हणून' आले की क्षणभर थांबावे, आणि त्याआधी काय सांगायचे राहिले ते विचारावे.