जरत्कारूचे पितर आणि परलोक न मानणाऱ्याचं मूल



आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व, आस्तीकपर्वातली जरत्कारूची कथा

पितृपक्ष चालू आहे म्हणून हा भाग मुद्दाम घेतला. कथा थोडक्यात अशी. जरत्कारू हे यायावर कुळातले ऋषी. लग्न नाही, घर नाही, जिथे संध्याकाळ होईल तिथे मुक्काम. फिरता फिरता त्यांना एका खड्ड्यात काही माणसं उलटी लटकलेली दिसतात. आधार काय, तर वाळ्याच्या गवताचं एक ठोंब, आणि त्याची मुळं उंदीर कुरतडतोय. (उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच वाळा.) विचारपूस केल्यावर कळतं की हे आपलेच पितर. कुरतडून संपलेली मुळं म्हणजे कुळातले मेलेले वंशज, उरलेलं एक अर्धवट मूळ म्हणजे जरत्कारू, आणि उंदीर म्हणजे काळ. तुला मूल झालं नाही तर आम्ही पडलो, असं ते सांगतात. जरत्कारू लग्नाला तयार होतात, पण अटी घालून : मुलगी माझ्याच नावाची हवी, ती भिक्षा म्हणून मिळावी, आणि तिला पोसणं माझ्याकडे नाही. वासुकी नाग आपली बहीण देतो. त्याचाही हिशेब आहेच. तिच्या मुलाकडून त्याला नागकुळ वाचवून घ्यायचं आहे.

लहानपणी ही कथा ऐकताना माझं सगळं लक्ष उंदराकडे असायचं. या वेळी दुसरंच खुपलं. पितरांना वर जायचंय, नागांना जगायचंय, ऋषींना ऋणातून सुटायचंय. जो जन्माला येणार आहे त्याचं काय, हे कुणीच विचारत नाही.

आणि हे फक्त या कथेपुरतं नाही. माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो आणि पितरांचं ऋण संततीने फिटतं, हे वेदकाळापासून चालत आलंय. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, असं मनुस्मृती सांगते. आपल्याकडे आत्या-मावशा हेच सोप्या भाषेत विचारतात : मेल्यावर पाणी कोण पाजणार?

माझी मावसबहीण कर्जतला असते. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, आणि अडचण डॉक्टरांकडची नाही. ती परलोक मानत नाही. परवा मला म्हणाली, “दादा, तुम्हा लोकांचं सोपं आहे. मूल आजारी पडलं, अकाली गेलं, तरी तुम्ही म्हणता जीव पुढच्या प्रवासाला गेला. मला तसं म्हणता येत नाही. माझ्या लेखी जे आहे ते एवढंच. मग ज्याला विचारता येत नाही त्याला मी इथे का आणू?”

तिच्या मनात इर्शाळवाडी आहे, हे मला माहीत होतं. खालापूर-कर्जतमध्ये कुणाच्या मनात नाही? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटावरची ठाकर वस्ती दरडीखाली गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. काही मुलं वाचली, कारण त्या रात्री ती आश्रमशाळेत होती. त्यांच्या आईबापांनी त्यांना शिकायला पाठवलं होतं, एवढंच.

विचारल्याशिवाय जन्म दिला, ही तक्रार आता उघडपणे बोलली जाते. २०१९ मध्ये मुंबईच्या रॅफेल सॅम्युअल नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाने आपल्या संमतीशिवाय जन्माला घातलं म्हणून आईवडिलांवर खटला भरणार असं जाहीर केलं होतं. आईवडील दोघंही वकील. आईचं उत्तर असं होतं की संमती घेणार कशी होतो तेवढं पटेल असं सांग, मी चूक मान्य करीन. लोक हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नाही.

आस्तिकांना वाटतं आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे : जीव आपल्या कर्मानुसार आपणहून येतो, आईबाप फक्त दार उघडतात. मी गर्भोपनिषद काढून बघितलं. तिथला नवव्या महिन्यातला गर्भ मागचे जन्म आठवतो, किती आया झाल्या, किती प्रकारचं अन्न खाल्लं ते आठवतो आणि इथून सुटलो तर पुन्हा या फेऱ्यात पडायचं नाही असं ठरवतो. मग जन्माला येताना सगळं विसरतो. म्हणजे संमती तिथेही कुणी घेतलेली नाही. उलट तो नाराजच दिसतो.

तेव्हा तिला “तुझा प्रश्न नास्तिकतेतून आलाय” असं म्हणून सुटता येणार नाही. तो प्रश्न आपलाही आहे, आपण तो कर्मावर टाकून मोकळे होतो, इतकंच. ज्याने चोच दिली तो चाराही देईल, पोर आपलं नशीब घेऊन येतं, ही वाक्यं आपल्या तोंडी किती सहज असतात! मी परलोक मानतो, पण या वाक्यांनी श्रद्धेपेक्षा आळसच जास्त पोसलाय असं माझं स्पष्ट मत आहे. इर्शाळवाडीतून उरलेल्या मुलांना कुणी पूर्वसंचित समजावून सांगायला गेलं असतं तर आपल्यालाच लाज वाटली असती. त्यांना घर हवं होतं, शाळा हवी होती, जवळ कुणीतरी हवं होतं. परलोक न मानणाऱ्याला पुढच्या जन्मावर काहीच ढकलता येत नाही. चाराही त्यालाच द्यायचा असतो. त्यामुळे त्याची जबाबदारी आपल्यापेक्षा जड होते, कमी होत नाही.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की मूल नको असेल तर शास्त्राची भीती बाळगू नकोस. बृहदारण्यकातच अशा जाणत्यांचा उल्लेख आहे ज्यांनी संतती इच्छिली नाही. आत्मा हाच ज्यांचा लोक, त्यांना मुलं घेऊन काय करायचंय, असा त्यांचा सवाल. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चौघांचाही वंश पुढे गेला नाही, आणि त्यातल्या एकाला आपण माउली म्हणतो. परलोक न मानणाऱ्यांकडे बघायचं तर र. धों. कर्वे आहेत. गणिताचे प्राध्यापक, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांनी आणि मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि ते पाळलं. मूल ठरवून व्हावं, आपोआप किंवा भीतीपोटी नको, हे त्यांचं म्हणणं मला कीर्तनातल्या कितीतरी उपदेशांपेक्षा धार्मिक वाटतं. (यावर काही वाचक रागावतील. रागवा.)

दुसरी गोष्ट, मूल हवं असेल तर ते ‘पुढे काही नाही’ या कारणाने अडू नये. पंढरपूरला आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो आणि पायांवर डोकं टेकतं ते क्षणभर. तो क्षण संपतो म्हणून कुणी फसवणूक झाली म्हणत नाही. यावर ती लगेच म्हणाली, “रांगेत आपण आपणहून जातो, दादा.” बरोबर आहे, उपमा तिथे तुटते. तरी संपणारं म्हणजे फुकट, हे मला तिच्याकडूनही मान्य नाही. आणि खरं तर ती स्वतःही तसं जगत नाही.

हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले. धार्मिक विधी न करता दहन करावं अशी त्यांची इच्छा होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव त्यांच्यावरून हमीद ठेवलं. पिंड नाही, तर्पण नाही, पण गेलेल्याची आठवण पुढे गेली. २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाल्यावर हमीद आणि मुक्ता हे काम करताना दिसतात. ते परलोकातल्या वडिलांसाठी करत असतील असं वाटत नाही. काम उरलंय म्हणून करतात.

आता कथेचा उरलेला भाग. जरत्कारू बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेत. सूर्य मावळतोय, संध्या चुकेल म्हणून ती उठवते. मी झोपलेला असताना मावळायची सूर्याची हिंमत नाही, तू माझा अपमान केलास, म्हणून ते निघतात. ती रडत विचारते, ज्यासाठी भावाने मला दिलं त्याचं काय? ते जाता जाता सांगतात : ‘अस्ति’. आहे. पोटात आहे. म्हणून मुलाचं नाव आस्तीक.

आस्तिक आणि नास्तिक हे शब्दही याच ‘अस्ति’वरून आलेत. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो की मेलेला माणूस ‘आहे’ असं काही म्हणतात, ‘नाही’ असं काही म्हणतात, खरं काय? तिथे यमसुद्धा आधी टाळतो. शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू घे पण हे विचारू नकोस, म्हणतो. मेलेल्यांच्या ‘आहे’वर इतका वाद. पोटातल्याच्या ‘आहे’वर वाद घालायला जागाच नाही. आणि ज्याने ते सांगितलं तो ऋण फिटलं म्हणून त्याच वेळी चालता झाला. परलोकावर त्याचा पूर्ण विश्वास होता बरं का.

पोराला वाढवलं आईने आणि मामाने. पितर तरले हे महाभारत थोडक्यात उरकतं. सविस्तर सांगतं ते पुढचं : हा पोरगा जनमेजयाच्या यज्ञमंडपात जातो आणि आगीत पडणारे साप वाचवतो. तो भाग उद्या घेऊ. बहिणीने अजून काही ठरवलेलं नाही. हा लेख मात्र तिने आधी वाचलाय आणि “माझं नाव घालू नकोस” एवढंच म्हणालीये.

राम कृष्ण हरी.