पहिलं क्लॅरिनेट घेताना

मंडळी, इथे अमेरिकेत शाळा सुरू झाल्या की चौथी-पाचवीतल्या मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो : बँडसाठी वाद्य निवडा. आपल्या घरी असते ती पेटी, तबला, फार तर बासरी. क्लॅरिनेट पाहिलेलं असतं ते वरातीत, बँडवाल्याच्या हातात! त्यामुळे ते विकत घ्यायची वेळ आली की गोंधळ उडतो. आमचाही उडाला.

आम्ही इंटरनेटवरून दीडशे डॉलर्सचं नवंकोरं, चकचकीत क्लॅरिनेट मागवलं. मग तीन महिने घरात नुसती चींचीं! लेक रडवेली होऊन म्हणाली, "आई, मला जमतच नाही. मी बँड सोडते." मला वाटलं, सराव कमी पडतोय. शेवटी तिच्या बाईंनी ते वाद्य स्वतः वाजवून पाहिलं, तर त्यांच्याकडूनही तीच चींचीं! दोन पॅडमधून हवा गळत होती. तीन महिने आम्ही पोरीला उगाच बोल लावत होतो. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हा लेख.

हवा गळली तर एवढं काय बिघडतं?

क्लॅरिनेटवर काही भोकं बोटांनी झाकायची असतात, बाकीची चाव्यांखालच्या पॅडनी झाकली जातात. खालच्या सप्तकातून वर जाताना एका स्वराला जवळजवळ सगळी भोकं एकदम बंद व्हावी लागतात. मुलं नेमकी तिथेच अडखळतात. त्यात एखादं पॅड नीट बसत नसेल, तर बोटं बरोबर असूनही स्वर फाटतो. नवशिक्याला कसं कळावं की चूक आपली नाही?

कुठलं घ्यावं?

शाळेसाठी 'बी-फ्लॅट' क्लॅरिनेट आणि 'बोम' पद्धतीच्या चाव्या हव्यात. प्लॅस्टिकचं म्हणून नाक मुरडू नका. महागडी क्लॅरिनेट्स ग्रेनाडिला या आफ्रिकन लाकडाची असतात, पण हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेत लाकूड तडकू शकतं. लहान मुलांच्या हाती प्लॅस्टिकच बरं. यामाहा, ब्युफे, ज्युपिटर अशा नावाजलेल्या कंपन्या खास विद्यार्थ्यांसाठी क्लॅरिनेट्स बनवतात.

नवं परवडत नसेल तर चांगल्या कंपनीचं जुनं, दुरुस्त केलेलं वाद्य स्वस्तातल्या नव्यापेक्षा केव्हाही उत्तम. मूल टिकेल की नाही याची खात्री नसेल तर पहिलं वर्ष भाड्याने घ्या. भाड्याची रक्कम पुढे खरेदीत वळती होते का, आणि दुरुस्ती त्यात धरली आहे का, हे आधीच विचारा.

भारतातून आजोबांनी हौसेने आणलं असेल तर शिक्षकांना जरूर दाखवा. आपल्याकडच्या बँडमध्ये जुन्या 'अल्बर्ट' पद्धतीची क्लॅरिनेट्सही असतात. त्यांची बोटं वेगळी, त्यामुळे वर्गात शिकवलेलं त्यावर जमत नाही.

घेण्यापूर्वी काय पाहावं?

१. वरचा भाग सुटा काढा. त्याची भोकं बोटांनी झाका, खालचं तोंड तळव्याने बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढ क्षणभर टिकायला हवी. लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे.

२. चाव्या दाबून सोडल्यावर झटकन परत याव्यात. सांध्यांवरचं कॉर्क फाटलेलं नसावं.

३. माउथपीसच्या टोकाला टवका उडालेला नसावा.

४. मुलाला हातात धरायला द्या. बोटांनी भोकं पूर्ण झाकली जातात का? उजव्या अंगठ्याला भार पेलतो का? नसेल तर गळ्यात अडकवायचा पट्टा मिळतो.

५. रीड २ किंवा २½ नंबरची घ्या, आणि एक नको, तीन-चार घ्या. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी. टवका उडाला की ती फेकायचीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : "जमत नाही" असं मूल म्हणालं, तर त्याला रागावण्याआधी ते वाद्य एकदा जाणत्याकडून वाजवून घ्या.

आमच्या लेकीने पुढे भाड्याच्या, जुन्या क्लॅरिनेटवर बँड पूर्ण केला. तुमच्या बेसमेंटमध्ये असं एखादं चांगलं वाद्य धूळ खात पडलं असेल, तर नीट करून जवळच्या शाळेला द्या. भाडंही न परवडणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. हीदेखील मदतच की!