बोटीवरचा गॅस खाली बसतो : हंगामाआधी प्रत्येक मालकाने आणि तांडेलाने वाचावं असं



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. मालीम असो, कुटबण असो की वास्को, सगळीकडे जाळी शिवणं, इंजिनचं काम, बर्फ-डिझेल भरणं अशी घाई चाललेली असते. या घाईत एका वस्तूकडे कोणी बघत नाही. ती म्हणजे केबिनमधला गॅस सिलिंडर. दोन महिने तो खाऱ्या हवेत पडून असतो. जेटीवर लागलेल्या बोटीत उंदीर फिरतात आणि रबरी नळी कुरतडतात. पहिल्या फेरीला खलाशी चढतात, चहा ठेवतात, पुढचं सगळं नशिबावर. म्हणून आजचा धडा गॅसचा.

सिलिंडरमध्ये असतं काय?

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. दाबाखाली ते पातळ होऊन राहतं. सिलिंडर हलवल्यावर डचमळतं ते तेच. बाहेर आलं की एक लिटर पातळ गॅसचा सुमारे २५० लिटर वायू होतो. या वायूला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा, गळती कळावी म्हणून.

घरात आणि बोटीत फरक काय?

हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात गळला तर जमिनीवरून सरकत दाराबाहेर जायला वाट असते. बोटीला मात्र खाली दार नाही. गळलेला गॅस पाण्यासारखा खाली उतरतो, फळ्यांच्या फटींतून तळात आणि इंजिन खोलीत जाऊन साचतो. वर डेकवर वारा असतो, कोणाला वास येत नाही. खाली डिझेलचा आणि मासळीचा वास, त्यात हा वास बुडून जातो. झोपलेल्या माणसाला तर कळतच नाही.

आता हिशेब बघा. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो. तळात २ घनमीटर बंद जागा असेल तर ४० लिटर वायू पुरतो. वजनात तो १०० ग्रॅमच्या आत, म्हणजे एक कपभर पातळ गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो. रात्रभर थेंबथेंब गळाला तरी पहाटे स्टार्टरची एक ठिणगी बस्स. बॅटरीची तार, पाणी उपसायचा इलेक्ट्रिक पंप, साधा दिव्याचा स्विच, यातलं काहीही चालतं.

दर्यावर जाण्याआधी हे बघा

१. सिलिंडर केबिनच्या आत नको. बाहेर डेकवर, हवेशीर जागी, उभा आणि घट्ट बांधलेला हवा. पेटीत ठेवला तर पेटीला तळाशी भोक ठेवा आणि ते समुद्राकडे उघडेल असं करा, बोटीच्या पोटात नाही. आडवा सिलिंडर कधीच वापरू नका. वायूऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि ज्वाला भडकते.

२. वरच्या पट्टीवरचा अक्षर-आकडा वाचा. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. सी-२७ असेल तर सप्टेंबर २०२७पर्यंत चाचणीची मुदत. मुदत संपलेला, बुडाला गंज चढलेला सिलिंडर घेऊ नका.

३. रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्हमधला रबरी वायसर बघा. नळी वाकवून बघा. भेगा, कडकपणा, उंदराचे दात दिसले की सरळ बदला. चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका.

४. गळती साबणाच्या फेसाने तपासा. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून तपासणारे अजून आहेत. त्यांना थांबवा.

५. स्वयंपाक झाला की आधी रेग्युलेटर बंद करा, मग शेगडी. नळीत गॅस उरत नाही.

६. दारं-खिडक्या लावून ऊबेसाठी शेगडी पेटती ठेवू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो.

वास आलाच तर

स्विच चालू करू नका, चालू असलेला बंदही करू नका. इंजिन चालू असेल तर वरूनच बंद करता येत असेल तरच करा. बंद असेल तर अजिबात लावू नका. विडी, शेगडी, सगळं विझवा. रेग्युलेटर बंद करा, काढून सुरक्षा टोपी लावा. सगळ्यांना वर उघड्यावर आणा, वाऱ्याच्या बाजूला. खालची झाकणं उघडी टाका. हातपंप असेल तर वरून चालवा, तळातला गॅस त्यानेही बाहेर पडतो. वास पूर्ण जाईपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. मोबाइल गळतीपासून लांब जाऊनच वापरा.

नळीच्या तोंडाशी आग लागली तर आधी गॅस बंद करायचं बघा. बंद होत नसेल तर ज्वाला विझवू नका, विझलेला गॅस तळात जाऊन मोठा स्फोट करतो. सिलिंडरवर लांबून पाणी मारत राहा, आणि तो तापू लागला तर बोट सोडायची तयारी ठेवा. लाइफ जॅकेट हाताशी हवेत ते यासाठीच.

लहान होडीवाल्यांनो, पेट्रोलची वाफही अशीच जड असते. टाकी भरताना हे सगळं तुम्हालाही लागू.

हे नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा : गॅस गळती १९०६, तटरक्षक दल १५५४, वायरलेसवर चॅनल १६.

नळी आणि वायसर बदलायला एका फेरीच्या चहा-नाश्त्याएवढाही खर्च येत नाही. बोट परत घेता येईल, खलाशी परत येणार नाही. बाहेरगावचे खलाशी असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत समजावा, आणि स्वयंपाक करणाऱ्याला हे आधी वाचून दाखवा.

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.