रेंज नसलेल्या डोंगरात

चि. अद्वैत यास,


मित्रांबरोबर तू कोलोराडोतल्या कुठल्याशा १४,००० फुटी शिखरावर निघाला आहेस, असं तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. “तो म्हणतो, काळजी नको, फोनमध्ये सॅटेलाइट आहे,” एवढं ऐकून दादा निर्धास्त झाला. मी झाले नाही. डेन्व्हरला असताना त्या डोंगरांत मी पुष्कळ हिंडले आहे, म्हणून लिहिते.

रेंज नसताना उपग्रहामार्फत मदत मागायची सोय खरी आहे. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांवर ती अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ पासून चालू आहे. तुझा फोन पुण्यात घेतलेला असला तरी इथे चालेल. पण हे उपग्रह आपल्या टीव्हीच्या डिशसाठी असतात तसे एका जागी ठाण मांडून बसलेले नसतात. ग्लोबलस्टारचे हे उपग्रह सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून सतत पळत असतात. म्हणून फोन तुला पडद्यावर सांगत राहतो, जरा डावीकडे वळ, आता उजवीकडे. तो सांगेल तसं वळायचं. हात उंचावून फोन हलवण्यात काही अर्थ नाही, आणि मजकूर जाईपर्यंत तो खिशात घालायचा नाही. आकाश मोकळं असेल तर १५ सेकंदांत निरोप जातो, विरळ झाडीखाली मिनिटाहून जास्त लागतं आणि दाट रानात किंवा घळीत कधी कधी जातच नाही. तेव्हा कुणी पडलं तर एकाने त्याच्याजवळ थांबावं आणि दुसऱ्याने फोन घेऊन जवळची उघडी जागा गाठावी.

आधी ९११ लावून बघायचा. लागला नाही तर फोन आपणहून उपग्रहाचा पर्याय पुढे करतो आणि काय झालंय, कुणाला लागलंय असे प्रश्न विचारतो. उत्तरांसोबत तुमचं ठिकाण, उंची, उरलेली बॅटरी आणि भरलेला असेल तर मेडिकल आयडीही जातो. तुझा दमा त्यात लिहिला आहेस का? नसेल तर पत्र बाजूला ठेव आणि आधी तो लिही. पुढे स्वतः लिहायची वेळ आली की नुसतं ‘मदत पाठवा’ लिहू नये. चौघं आहोत, एकाचा पाय मोडलाय, शुद्धीवर आहे, तंबू नाही, पाणी एक लिटर, एवढं कळलं की पलीकडच्या माणसाला काय पाठवायचं ते ठरवता येतं. सेटिंग्जमध्ये सरावाची सोय आहे, त्यात ९११ला काही जात नाही. विद्यापीठाच्या मैदानावर एकदा चौघांनीही करून बघा, कारण फोनवाला स्वतःच पडू शकतो.

निरोप पोहोचला म्हणजे हेलिकॉप्टर निघालं, असं मात्र समजू नकोस. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजा कडाडतात आणि तशा हवेत माणसं पायीच वर येतात. त्याला तास लागतात, रात्रही होते. गरम कपडे आणि हेडलॅम्प प्रत्येकाच्या पाठीवर हवेत. पहाटे अंधारात निघून दुपारच्या आत शिखरावरून उतरायचा तिथला रिवाज आहे, तो मोडू नका. रेंज गेली की फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो, म्हणून एरवी एअरप्लेन मोडवर ठेवून जॅकेटच्या आत ठेवा. थंडीतही बॅटरी लवकर बसते.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. आपली मुलं बिलाला घाबरतात. एवढ्याशासाठी कशाला, हजारो डॉलर लावतील, उतरू कसेबसे, असं म्हणत अंधार होईपर्यंत रेटतात आणि मग एकाचे दोन जखमी होतात. कोलोराडोतली शोध-बचाव पथकं बहुतेक सगळी स्वयंसेवकांची आहेत, आपल्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या पोरांसारखी, आणि ती सुटकेचे पैसे घेत नाहीत. अँब्युलन्स किंवा वैद्यकीय हेलिकॉप्टर लागलं तर त्याचं बिल येतं, हे खरं. तुझ्या विद्यार्थी विम्यात ते बसतं का, हे आत्ताच विचारून ठेव. वरती उभं राहून तो हिशेब करायचा नाही. चालता येत नाही असं दिसलं की उजेड असतानाच कळवायचं.

जाताना वाट, गाडी कुठे लावणार आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास ९११ला कळवायचं, हे मला लिहून पाठव. दादाला नको, तो पुण्यात रात्रभर जागत बसेल.

आणि एक. मित्राच्या सांगण्यावरून तू गार्मिनचं इनरीच हे उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेणार आहेस म्हणे. घे, चांगलं आहे. ते इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, फोनची बॅटरी संपली तरी हाताशी राहतं. पण डिसेंबरात घरी जाताना ते सामानात नको. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, आणि दिल्लीच्या व गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना त्यापायी पोलिसांत जावं लागलं आहे. खोलीवरच्या मित्राकडे ठेवून जा. आयफोन खुशाल ने, भारतात त्याची ही सोय बंदच असते.

तुझी,
आत्या