वृद्धांचा तोल आणि पडद्यावरील खेळ

भंडारा जिल्ह्यातील शहापूर परिसरात धानाच्या बांधीचे अरुंद धुरे पावसाळ्यात निसरडे होतात. तरुणपणी डोक्यावर ओझे घेऊन त्यांवरून सहज चालणारा शेतकरी उतारवयात घराचा उंबरठा ओलांडतानाही भिंतीचा आधार शोधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे.

यावर व्हिडिओ खेळांचा उपाय सुचविला, तर हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु २००७ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने अशी फळी बाजारात आणली, की तीवर उभे राहून शरीराचा भार झुकविला म्हणजे पडद्यावरील आकृतीही तशीच झुकते. ऑस्ट्रेलियात ६५ वर्षांवरील ७६९ व्यक्तींवर झालेला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. पडद्यावरील खुणांनुसार चटईवर पावले टाकणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण वर्षभरात २६ टक्क्यांनी घटले. बसून बुद्धीचे खेळ खेळणाऱ्यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

हे यंत्र प्रत्येक गावाला परवडणारे नाही. जपानमध्येच २५ सेंटीमीटरच्या ४० चौकटींवर ठरावीक क्रमाने पावले टाकण्याचा व्यायाम विकसित झाला आहे. त्याला पडदा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या सभागृहात अशा चौकटी खडूने आखता येतील. फरशी कोरडी असावी, शेजारी सोबती असावा. चक्कर येत असल्यास आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. मुलींच्या ठिकरीशी या खेळाचे साम्य असले, तरी लंगडी मात्र येथे वर्ज्य समजावी.