पौलाच्या वाटेवरील तीन शिलालेख

(अभ्यासासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १७:१-९ व १८:१-१७, रोमकरांस पत्र १६:२१-२३)

शब्बाथ शाळेच्या वर्गात आम्ही कित्येक वर्षे एक चित्र दाखवीत आलो. करिंथ येथील फरसबंदीतल्या एका दगडाचे ते चित्र. त्यावर ठसठशीत रोमी अक्षरांत एरास्त हे नाव. "मुलांनो, रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल ज्याचा सलाम कळवितो, तोच हा एरास्त," असे आम्ही ठासून सांगत असू. मुले खूश होत आणि आम्हीही खूश होत असू. पुढे त्याच वर्गातला एक मुलगा कॉलेजात इतिहास शिकू लागला. सुटीत घरी आला तेव्हा त्याने आम्हांला विचारले, "त्या दगडाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हे तुम्ही का सांगितले नाही? मग बाकीचे जे सांगितले त्याचे काय?"

त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. मतभेद आहेत हेच आम्हांला ठाऊक नव्हते. त्यानंतर आम्ही जे वाचले, त्यातले थोडे शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. पौल ज्या क्रमाने चालत गेला त्याच क्रमाने, म्हणजे थेस्सलनीकाहून करिंथास, आपणही जाऊ.

थेस्सलनीकात यासोनाच्या घरावर जमाव चालून आला व त्याला नगराच्या अधिकाऱ्यांपुढे ओढीत नेले, हे आपण वाचतो. तेथे लूकाने मूळ ग्रीकमध्ये 'पोलितार्क' असा शब्द घातला आहे. जुन्या ग्रीक ग्रंथकारांच्या लिखाणात हा शब्द जवळजवळ सापडत नाही. परंतु दगडांवर मात्र तो आहे. थेस्सलनीका शहराच्या पश्चिमेकडील वार्दार वेशीच्या कमानीवर एक लेख होता. त्याची सुरुवातच 'पोलितार्क अमुक अमुक असताना' अशा धर्तीची असून पुढे त्यांची नावे दिली आहेत. १८७६ साली वेस पाडण्यात आली आणि तो दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. त्यानंतर असे आणखी लेख उजेडात आले. आज ही पदवी असलेले पन्नासाहून अधिक लेख ठाऊक आहेत, आणि त्यांतील बहुतेक मासेदोनियातले आहेत.

वेशीवरचा लेख पौलाच्या काळचा नाही, पुष्कळांच्या मते तो दुसऱ्या शतकातला आहे. यासोनाचे नाव त्यात नाही. मग आपल्याला त्यापासून काय मिळाले? एवढेच, की लूकाला, किंवा ज्याने त्याला ही हकीकत सांगितली त्याला, त्या गावची अधिकाऱ्यांची भाषा नेमकी ठाऊक होती. आपल्याकडे पाटील कोठे म्हणतात आणि पटेल कोठे म्हणतात, हे त्या मुलखात वावरलेला माणूसच न चुकता सांगतो, तसे हे आहे. इफिसात लूक 'आशियार्क' म्हणतो, मिलिता बेटावर 'बेटाचा मुख्य' म्हणतो. तेथेही तो चुकलेला नाही.

आता करिंथ. पण येथला सर्वांत उपयोगी दगड करिंथात सापडलेला नाही. तो सापडला आखाताच्या पलीकडे, डेल्फी येथे अपोल्लोच्या मंदिराच्या परिसरात, आणि तोही फुटक्या तुकड्यांच्या रूपाने. एमिल बुर्गे नावाच्या फ्रेंच विद्वानाने त्यांतील चार तुकडे १९०५ साली प्रसिद्ध केले. पुढे आणखी जुळत जुळत एकूण नऊ झाले. सम्राट क्लौद्य याच्या पत्राची ती दगडावर कोरलेली प्रत आहे. पत्राचा विषय आपल्या दृष्टीने अगदी रूक्ष आहे : डेल्फी ओस पडत चालली आहे, तरी तेथे बाहेरून चांगली माणसे आणून वसवावीत. पौलाचा उल्लेख नाही, मंडळीचा नाही. मात्र ही बातमी आपल्याला कोणी कळविली हे सांगताना सम्राट लिहितो की, माझा मित्र व सुभेदार गल्लियो याने.

हाच तो गल्लियो, ज्याच्या न्यायासनापुढे पौलाला उभे करण्यात आले आणि ज्याने सोस्थनेसाला मार बसत असता तिकडे लक्षही दिले नाही. तत्त्ववेत्ता सेनेका याचा हा थोरला भाऊ. अखयात असताना त्याला ताप भरू लागला तेव्हा, हा दोष शरीराचा नसून जागेचा आहे असे म्हणून तो जहाजावर चढला, अशी आठवण सेनेकाने एका पत्रात लिहून ठेवली आहे.

या पत्रावरून साल कसे काढतात ते शिक्षकांनी नीट समजून घ्यावे, कारण मोठ्या मुलांना ते फार आवडते. रोमी सम्राटाला विजयानंतर सैन्याकडून 'इंपरातोर' असा जयघोष मिळे, व असे किती जयघोष झाले तो आकडा तो आपल्या नावापुढे लावी. डेल्फीच्या दगडावर हा आकडा २६ आहे. इकडे रोम शहरात क्लौद्याने बांधलेल्या पाटाच्या कमानीवर आकडा २७ आहे, आणि त्या पाटाचे पाणी इ. स. ५२ च्या १ ऑगस्ट रोजी सुरू झाले असे फ्रोंटिनस हा त्या खात्याचा अधिकारी लिहितो. अर्थात डेल्फीचे पत्र त्याच्या आधीचे. अखयाचा सुभेदार साधारणपणे एक वर्षासाठी, उन्हाळ्यात कामावर येई. म्हणून गल्लियोचे वर्ष बहुतेक अभ्यासक ५१-५२ असे धरतात, थोडे जण एक वर्ष पुढे सरकवितात. पौल करिंथात दीड वर्ष राहिला हे लूक सांगतो, तेव्हा तो तेथे सुमारे ५० साली आला असावा.

पौलाच्या आयुष्यातील इतर साले बहुतांशी या एका खुंटीवरून मागेपुढे मोजली जातात. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र त्याने करिंथातूनच लिहिले असे मानतात. म्हणजे ते ५० किंवा ५१ सालचे, वधस्तंभानंतर जेमतेम वीस वर्षांनी लिहिलेले. ज्यांनी प्रभूला पाहिले होते त्यांतील पुष्कळ माणसे तेव्हा हयात होती.

आता आमच्या चित्रातला दगड. तो १९२९ साली, करिंथच्या नाट्यगृहाजवळ, अमेरिकन अभ्यासकांच्या उत्खननात सापडला आणि आजही तेथेच आहे. अक्षरे सुमारे सात इंच उंच असून खोल कोरलेली आहेत. त्यांत पूर्वी पितळेसारखा धातू बसविलेला होता, तो आता गेला आहे. लेख लॅटिनमध्ये आहे व त्याचा अर्थ असा : एरास्ताने एडिल पदाबद्दल स्वखर्चाने फरसबंदी केली. एडिल म्हणजे रस्ते, बाजार व सार्वजनिक इमारती पाहणारा निवडून आलेला अधिकारी. करिंथ ही रोमी वसाहत असल्याने तेथे हे पद होते, आणि निवडून आलेल्याने पदरच्या पैशाने गावासाठी काही बांधावे अशी रीत होती.

नाव तेच, गाव तेच. पौलाने रोमकरांस पत्र करिंथातूनच लिहिले आणि त्यातला एरास्तही नगराच्या कामात होता. मोह पडावा असेच हे आहे. पण पौल त्याला एडिल म्हणत नाही. तो 'ओईकोनोमोस' म्हणतो. या शब्दाने खजिना सांभाळणारा अधिकारीही दाखविला जाई आणि हिशेब ठेवणारा सरकारी गुलामही. एडिल पदासाठी ग्रीकमध्ये सहसा निराळाच शब्द येतो. दगडाचा आरंभीचा भागही तुटलेला आहे. शिवाय फरसबंदी पहिल्या शतकाच्या मध्यातली, असे आधी धरले जाई. अलीकडे काहींनी ती दुसऱ्या शतकातली ठरविली आहे.

यात मोठा प्रश्न गुंतला आहे, तो केवळ दगडाचा नाही. एरास्त जर एडिल असेल, तर करिंथच्या मंडळीत गावातला एक श्रीमंत पुढारी बसत होता. तो जर नगराचा हिशेबनीस गुलाम असेल, तर तर्तिय व क्वर्त यांच्या शेजारी आणखी एक साधा माणूस बसत होता. आपण दगडावरून घाईने निर्णय दिला, तर त्या मंडळीचे चित्रच बदलून बसतो. आमचे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, परंतु ते मतच आहे.

करिंथात 'इब्र्यांचे सभास्थान' असा तुटका लेख असलेला दगड १८९८ साली सापडला. पौल बोलला तेच हे सभास्थान, असे काही पुस्तकांत छापलेले असते. ती अक्षरे पौलानंतर कित्येक शतकांची आहेत असे बहुतेक तज्ज्ञ म्हणतात. तो वर्गात न दाखविलेलाच बरा.

शिलालेख छापलेले पुस्तक हाती आले तर त्यातील चौकोनी कंसांकडे आधी पाहावे. कंसातील अक्षरे दगडावर नसतात. संपादकाने ती अंदाजाने भरलेली असतात. डेल्फीच्या लेखात गल्लियो हे नाव पूर्ण कोरलेले शिल्लक आहे, पण 'सुभेदार' या अर्थाच्या शब्दाचा पुढचा भाग गेला असून शेवट तेवढा उरला आहे. असे वाचन ओल्या जाड कागदाचा दगडावर ठसा घेऊन करतात. आपल्याकडील जुन्या कानडी-मराठी शिलालेखांचे ठसेही याच रीतीने घेतले जातात.

वर्गासाठी एक काम सुचवितो. आपल्या मंदिराच्या कोनशिलेवर मुलांना पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासू द्यावी. मग फळ्यावर दोन बाजू कराव्यात : दगडावर काय लिहिले आहे, आणि आपण आपल्या मनाचे काय जोडले. आमच्या वर्गात मुलांनी 'हे मंदिर अमक्या साहेबांनी बांधले' असे पहिल्या बाजूला लिहिले. पुन्हा पाहिले तर दगडावर साहेबांनी शिला बसविली एवढेच होते. बांधणाऱ्या गवंड्यांची नावे कोणाच्या आजोबांना आठवतात का, ते विचारून येण्याचे मुलांनी आपण होऊनच ठरविले. त्यांतली दोन नावे मिळाली आहेत.